शर्यत पाहायची, पण बसायचं कुठे?

मोटारींची किंवा मोटरसायकलींची शर्यत बघायला जायचं ठरलं की तिकीट काढताना पहिल्यांदा समोर येतो तो ट्रॅकचा नकाशा. वेड्यावाकड्या रेषेभोवती रंगीबेरंगी चौकोन, प्रत्येक चौकोन म्हणजे एक स्टँड आणि प्रत्येकाची किंमत निराळी. बहुतेक जण दोनच प्रश्न विचारतात. परवडेल का? आणि सगळ्यात जवळून कुठून दिसेल? डॉक्टर म्हणून मला तिसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो. त्या खुर्चीवर पाच-सहा तास बसल्यावर तुमच्या डोळ्यांचं, कानांचं आणि अंगातल्या पाण्याचं काय होणार आहे?

वाळूजला दुचाकी आणि शेंद्र्याला मोटारी तयार करणाऱ्या आपल्या शहरात या खेळाचे चाहते कमी नाहीत. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध इंटरनॅशनल सर्किटवर २०११ ते २०१३ अशी तीन वर्षं फॉर्म्युला वन झाली, सप्टेंबर २०२३ मध्ये तिथेच मोटोजीपी झाली. २०२४ च्या जानेवारीत पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात सुपरक्रॉस रंगली. कोल्हापूरजवळच्या मोहिते सर्किटवर कार्टिंगच्या राष्ट्रीय स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत. आणि ज्यांना इंजिनाच्या शर्यतीत रस नाही, त्यांच्यासाठी चैत्र-वैशाखातल्या जत्रांमधला शंकरपट आहेच. वाहन कुठलंही असो, बघणाऱ्याचं शरीर तेच असतं.

जागा निवडताना एक साधा हिशेब करावा. कोणता त्रास खिशातल्या वस्तूने टळतो आणि कोणता टळत नाही? आवाजावर उपाय खिशात मावतो. उन्हावर अर्धाच मावतो. धोक्याच्या जागेवर आणि गुडघ्यांना न झेपणाऱ्या पायऱ्यांवर तर मावतच नाही. म्हणून ज्याला उपाय नाही, तेच आधी बघायचं.

जवळ म्हणजे चांगलं, असं नाही

सुरुवात डोळ्यांपासून करू. समजा सरळ पट्ट्यावर गाडी ताशी ३०० किलोमीटरने धावते आहे. म्हणजे सेकंदाला साधारण ८३ मीटर. तुम्ही कठड्याला लागून, गाडीपासून २० मीटरवर बसला आहात. गाडी अगदी समोरून जाते त्या क्षणी तिच्यावर नजर ठेवायची तर नजर सेकंदाला जवळजवळ २४० अंशांच्या वेगाने फिरवावी लागेल. माणसाचा डोळा हलत्या वस्तूचा सलग पाठलाग सेकंदाला ३० अंशांच्या आसपास आरामात करतो. फार ताणलं तर १०० अंशांच्या आसपास पोहोचतो. त्यापुढे पाठलाग तुटतो, डोळा उड्या मारू लागतो आणि दिसतो तो फक्त रंगाचा फराटा. मान फिरवून थोडी मदत होते, पण दर दीड-दोन मिनिटांनी वीस-बावीस गाड्यांसाठी मान झटकत राहिलात तर दुसऱ्या दिवशी मानेला शेकच द्यावा लागेल.

आता तीच गाडी १०० मीटरवरून बघा. नजर फिरवण्याचा वेग सेकंदाला ४८ अंशांवर येतो. किंवा वळणावर बसा. तिथे गाडी ताशी ९० पर्यंत मंदावली असेल, तर ३० मीटरवरूनसुद्धा हिशेब तेवढाच, म्हणजे ४८ अंश. चालकाचं हेल्मेट, पुढच्या चाकाची थरथर, आत घुसण्याची धडपड हे सगळं तिथे नीट दिसतं. शर्यतीचे जुने प्रेक्षक लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी येणाऱ्या वळणाचं तिकीट शोधतात, त्यामागे डोळ्यांचं हेच गणित आहे. बुद्ध सर्किटवर तिसऱ्या आणि चौथ्या वळणादरम्यान एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे. चौथ्या वळणाआधी सगळ्यांना जोरात ब्रेक मारावा लागतो, त्यामुळे गाड्या एकमेकींना मागे टाकतात त्या तिथेच.

दुसरी गोष्ट उंचीची. खालच्या रांगांमधून ट्रॅक संरक्षक जाळीतून दिसतो. डोळा सतत जवळची जाळी आणि लांबची गाडी यांच्यात अडकतो, काहींचं डोकं दुखू लागतं. वरच्या रांगेतून नजर जाळीच्या वरून जाते, ट्रॅकचा मोठा भाग दिसतो आणि धूरही कमी लागतो. अडचण फक्त पायऱ्यांची. त्याबद्दल पुढे बोलू.

कान परत मिळत नाहीत

आपल्या प्रत्येक कानाच्या आतल्या शंखासारख्या भागात ध्वनी टिपणाऱ्या सुमारे १५ हजार केसपेशी असतात. जन्मताना मिळतात तेवढ्याच. एकदा मेल्या की माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. प्रेस शॉपमध्ये वीस-वीस वर्षं काम केलेले लोक तपासणीला येतात तेव्हा त्यांना बोलणं ऐकू येतं, पण शब्द कळत नाहीत. घरचे म्हणतात, टीव्ही मोठा लावतात. हे नुकसान वर्षानुवर्षं होतं तसं एका दिवसाच्या फार मोठ्या आवाजानेही होऊ शकतं.

कामाच्या ठिकाणासाठी वापरला जाणारा एक सोपा नियम आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसात आठ तास चालेल. त्यावर दर तीन डेसिबल वाढले की चालणारा वेळ निम्मा होतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, ९४ ला एक तास आणि १०० ला फक्त पंधरा मिनिटं. शर्यतीच्या गाड्यांचा आवाज कठड्याजवळ सहज शंभरी ओलांडतो. २०१४ पासून फॉर्म्युला वनची इंजिनं आधीच्या मानाने शांत झाली आहेत, मोटरसायकली मात्र अजूनही चांगल्याच गरजतात.

इथे अंतर मदतीला येतं. मोकळ्या जागेत, एका गाडीपुरतं बोलायचं तर, अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण सहा डेसिबलने उतरतो. २० मीटरवर १०५ असेल तर ४० मीटरवर ९९ आणि ८० मीटरवर ९३. वरच्या नियमाने मोजलं तर पहिल्या जागी जेमतेम पाच मिनिटं, दुसऱ्या जागी एकोणीस आणि तिसऱ्या जागी सव्वा तास. गाड्या सतत समोर नसतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून थोडी सवलत मिळते. पण मुख्य स्टँडमध्ये वेगळीच गंमत होते. वर छप्पर, समोर पिटची उंच इमारत. आवाज दोन्हींवर आपटून परत येतो. म्हणजे सगळ्यात महागडी जागा बऱ्याचदा सगळ्यात गोंगाटाची असते.

यावर उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. औषधाच्या दुकानात मिळणारे फोमचे इअरप्लग. बोटांत वळून बारीक करायचे, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढायचा, प्लग आत सरकवायचा आणि फुगेपर्यंत धरून ठेवायचा. नीट बसला तर वीस डेसिबलच्या आसपास आवाज सहज कमी होतो. नुसता बाहेर टेकवला तर काहीच होत नाही. कापसाचे बोळे घालून फारसा फायदा नाही. लहान मुलांच्या कानात प्लग बसत नाहीत, शिवाय ते तोंडात घालण्याची भीती, त्यामुळे त्यांच्यासाठी कानांवरून बसणारे इअरमफ घ्यावेत. तान्ह्या बाळाला नेऊच नये.

घरी आल्यावर कानात शिट्टी वाजत असेल किंवा कान भरल्यासारखे वाटत असतील तर केसपेशी दमल्याची ती खूण आहे. बहुतेकदा एक-दोन दिवसांत हे ओसरतं. ओसरलं नाही तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावं, आठवडाभर वाट पाहू नये.

सावलीला किंमत मोजा

तिकिटावर खर्च कशासाठी करावा असं मला कुणी विचारलं तर माझं उत्तर सावली हेच असेल.

२४ सप्टेंबर २०२३ ची बुद्ध सर्किटवरची मोटोजीपी आठवा. उष्म्यामुळे आयोजकांनी शर्यतीच्या फेऱ्या २४ वरून २१ वर आणल्या. मार्को बेझेक्की जिंकला. दुसऱ्या आलेल्या होर्गे मार्टिनच्या अंगातलं पाणी इतकं कमी झालं की शर्यत संपल्यावर त्याला उभं राहवेना. हा रोज व्यायाम करणारा, खाण्यापिण्यावर काटेकोर लक्ष असलेला विशीतला खेळाडू. स्टँडमध्ये बसलेल्या, रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्या पन्नाशीच्या माणसाने यातून काय ते समजावं.

गर्दी आणि ऊन एकत्र आले की काय होतं, हे महाराष्ट्राने १६ एप्रिल २०२३ ला खारघरमध्ये पाहिलं आहे. उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात तासन्‌तास उन्हात बसलेल्यांपैकी चौदा जणांचा मृत्यू झाला. त्या दिवशीचं तापमान ३८ अंशांच्या आसपास होतं. मराठवाड्यातल्या माणसाला हा आकडा काहीच वाटणार नाही. पण हवामान खातं तापमान मोजतं ते सावलीत, हवेशीर पेटीत. उघड्यावर बसलेल्याच्या डोक्यावर सूर्याचा थेट मारा असतो, खालून तापलेलं काँक्रीट किंवा लोखंडी बाक भाजत असतं आणि दोन्ही बाजूंच्या माणसांमुळे वारा लागत नाही. शरीर थंड होतं ते घाम वाळल्यामुळे, नुसता घाम येऊन नाही. दमट हवेत आणि दाटीवाटीत तो वाळतच नाही.

मग जागा कशी बघायची? शर्यती बहुधा दुपारी असतात आणि दुपारनंतर सूर्य पश्चिमेकडे कलतो. ज्या स्टँडची पाठ पश्चिमेला आणि तोंड पूर्वेला, तिथे ऊन पाठीमागे राहतं. छप्पर असेल तर सावली लवकर पुढे सरकते. पश्चिमेला तोंड असलेल्या स्टँडमध्ये छप्पर असूनही चारनंतर ऊन थेट डोळ्यांत येतं. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, तेव्हा दक्षिणेला तोंड असलेली जागाही तापते. नकाशावर उत्तर दिशेचा बाण असतो, तो शोधला की हे दोन मिनिटांत कळतं. छप्पर आहे म्हणून पुढच्या रांगा घेऊ नका, सावली मागच्या रांगांना आधी मिळते. पण पत्र्याला अगदी टेकून असलेली शेवटची रांगही नको, तापलेला पत्रा वरून भट्टीसारखा भाजतो. मधल्याहून जराशा वरच्या रांगा सगळ्यात बऱ्या.

आपल्याकडून सचखंड एक्स्प्रेसने दिल्ली गाठून तिथून नोएडाला जाणारे चाहते आणखी एक चूक करतात. रात्रभर अपुरी झोप, प्रवासात लघवीला जावं लागू नये म्हणून कमी प्यायलेलं पाणी आणि उतरल्यावर थेट ट्रॅक. शरीर आधीच कोरडं आणि थकलेलं असतं. शक्य असेल तर एक रात्र मुक्काम करून दुसऱ्या दिवशी शर्यतीला जावं. स्टँडमध्ये तहान लागण्याची वाट न बघता थोडं थोडं पाणी प्यावं. सोबत ओआरएसची पाकिटं ठेवावीत. पाकीट किती पाण्यात टाकायचं ते त्यावर लिहिलेलं असतं. लहान पाकीट पेलाभर पाण्यासाठी असतं, मोठं लिटरभर पाण्यासाठी. उन्हात बिअर पिऊन तहान भागत नाही, उलट शरीरातून पाणी अधिक जातं.

गाडी सुटली तर कुठे जाईल?

वळणावर ताबा सुटलेली गाडी वळत नाही, त्या क्षणी तोंड जिकडे असेल तिकडे सरळ जाते. गोफणीतून सुटलेल्या दगडासारखी. म्हणजे वळणाच्या बाहेरच्या बाजूला. वेग दुप्पट झाला की तिची धडक चौपट होते. हे समजायला या खेळाने फार मोठी किंमत मोजली आहे. ११ जून १९५५ ला फ्रान्समधल्या ल मान्सच्या शर्यतीत पिएर लव्हेग याची मर्सिडीज दुसऱ्या गाडीवर आदळून उडाली आणि तिचं इंजिन व इतर भाग प्रेक्षकांत घुसले. ऐंशीहून अधिक प्रेक्षक आणि स्वतः लव्हेग मृत्युमुखी पडले. १० सप्टेंबर १९६१ ला इटलीत मोंझा इथे वोल्फगांग फोन ट्रिप्सच्या अपघातात त्याच्यासह पंधरा प्रेक्षक गेले. ते लोक कठड्यालगत, जवळून दिसावं म्हणून उभे होते.

त्यानंतर खूप सुधारणा झाली. आधुनिक सर्किटवर वळणाबाहेर मोकळी जागा सोडलेली असते, टायरांच्या भिंती असतात, उंच जाळ्या असतात. फॉर्म्युला वनमध्ये चाकं भक्कम दोरांनी गाडीला बांधलेली असतात. तरीही २००० मध्ये मोंझाला आणि २००१ मध्ये मेलबर्नला निसटलेल्या चाकांनी ट्रॅकवरच्या एकेका मार्शलचा जीव घेतला. आजच्या अधिकृत स्टँडमध्ये बसणं सुरक्षित आहे, याबद्दल घाबरण्याचं कारण नाही. पण स्टँड सोडून जाळीला लोंबकळणं, मार्शलच्या वाटेवर उतरणं किंवा फोटोसाठी कठड्यावर चढणं म्हणजे ही सगळी सुधारणा वाया घालवणं.

रस्त्यावरच्या रॅलीत तर जाळीही नसते. १९८६ च्या मार्चमध्ये पोर्तुगालच्या रॅलीत एक गाडी गर्दीत शिरली, तीन जण दगावले आणि तीसहून अधिक जखमी झाले. रॅली बघायची असेल तर वळणाच्या आतल्या बाजूला, रस्त्यापासून मागे आणि उंचवट्यावर उभं राहावं. खड्ड्यात किंवा रस्त्याच्या पातळीखाली कधीच नको.

शंकरपटातही हेच

आता आपल्या मातीतल्या शर्यतीकडे येऊ. बैलगाडा शर्यतींवर मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बंदी आली, डिसेंबर २०२१ मध्ये अंतरिम परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ ला घटनापीठाने राज्याचा कायदा मान्य केला. तेव्हापासून जत्रांमध्ये पुन्हा गर्दी उसळते आहे. नियमात अंतराला एक किलोमीटरची मर्यादा आहे.

बैलाला ब्रेक नसतो आणि आवाजाने तो बुजतो. जोडीचं वजन सहज आठ-नऊ क्विंटल भरतं. मोटारीची दिशा गणिताने सांगता येते, बुजलेल्या बैलाची नाही. म्हणून इथे अंतर अधिक ठेवावं लागतं. सगळ्यात धोक्याची जागा निशाणाच्या पुढे. जोडी निशाण ओलांडल्यावर लगेच थांबत नाही आणि नेमकी तिथेच जिंकणाऱ्याला खांद्यावर घ्यायला गर्दी धावते. धावपट्टीच्या मधल्या भागात, बांबूच्या किंवा लोखंडी अडथळ्यामागे, शक्यतो चढावर उभं राहावं. पोराला खांद्यावर घेऊन पुढे घुसू नये, जोडी अंगावर आली तर दोघांनाही पळता येत नाही. झाडाच्या फांद्या आणि पत्र्याची छपरं माणसांसाठी नसतात.

इथे सावली नसतेच, म्हणून डोक्याला ओला गमछा बांधावा आणि शक्यतो सकाळच्या फेऱ्या बघून बारापर्यंत परतावं. धुळीचा विचार शंकरपटात आणि सुपरक्रॉसमध्ये सारखाच. वारा तुमच्या पाठीकडून ट्रॅककडे वाहत असेल अशी बाजू निवडा. दमेकऱ्यांनी पंप खिशात ठेवावा, पिशवीत नको.

कुणी कुठे बसावं

गुडघेदुखी असलेल्यांनी आणि हृदयविकार असलेल्यांनी तिकीट काढण्याआधी पायऱ्या किती आहेत ते विचारावं. वरून चांगलं दिसतं हे खरं, पण दिवसात चार वेळा चढ-उतार झेपत नसेल तर प्रवेशद्वाराच्या पातळीवरची, सावलीतली जागा बरी. प्रोस्टेटचा त्रास असलेल्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी रांगेच्या टोकाची, स्वच्छतागृहाजवळची खुर्ची घ्यावी. जागा अडचणीची असली की माणूस पाणी प्यायचं टाळतो आणि तिथूनच त्रास सुरू होतो. मधुमेह्यांनी खाण्याची वेळ चुकवू नये. इन्शुलिन तापलेल्या गाडीत ठेवू नये, थंड पिशवीत जवळ बाळगावं. लघवी वाढवणाऱ्या किंवा रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी जाण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी बोलावं. गोळी मनाने बंद करू नये.

खुर्चीवर बसल्यावर सगळ्यात आधी दोन गोष्टी बघून ठेवा: बाहेर पडायचा जवळचा मार्ग आणि प्रथमोपचार केंद्र. शेजारचा माणूस बरळू लागला, त्याला आपण कुठे आहोत ते कळेना किंवा तो कोसळला आणि अंग तापलेलं असेल, तर तो उष्माघात समजा. घाम थांबलेलाच असतो असं नाही. त्याला सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता आणि वारा घाला. बर्फ असेल तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. शुद्धीवर नसलेल्याला पाणी पाजू नका. सोबतच्या दुसऱ्या माणसाला प्रथमोपचार केंद्राकडे पाठवा किंवा १०८ ला फोन करायला सांगा. रुग्णवाहिका येईपर्यंत अंग थंड करणं थांबवू नका. उष्माघातात मेंदू आणि मूत्रपिंड वाचतात ते पहिल्या अर्ध्या तासात काय केलं त्यावर.

तेव्हा तिकिटाच्या पानावर क्रम असा ठेवा. आधी अधिकृत, जाळीमागची जागा. मग सावली आणि दिशा. मग पायऱ्या आणि स्वच्छतागृह. मग वळण, उंची आणि अंतर. आवाजाचा बंदोबस्त खिशातल्या इअरप्लगवर सोडा. एवढं करून पैसे उरले तर ते मुख्य स्टँडसाठी खर्च करण्यापेक्षा आदल्या रात्रीच्या मुक्कामावर घाला. झोप झालेल्या, पाणी प्यायलेल्या माणसाला स्वस्तातल्या वळणावरूनही शर्यत छान दिसते.